कामाला मोठी, सांगायला लहान: टाळेबंदीतल्या एका घराचं प्रकरण

हे प्रकरण मुंबईच्या पूर्व उपनगरातल्या एका चाळीतलं आणि दापोली तालुक्यातल्या एका गावातलं आहे. मी त्या घरातल्या मोठ्या मुलीची वर्गशिक्षिका होते. नावं, गाव, शाळा सगळं वगळलं आहे आणि ओळख पटेल असे एक-दोन तपशील बदलले आहेत. घरात दोन्ही मुलांना ‘मोठी’ आणि ‘धाकटा’ असंच म्हणतात, तेच इथे ठेवलंय. आईवडिलांना आणि मोठीला विचारून, आधी वाचायला देऊन मगच हे लिहिलंय.

पार्श्वभूमी

वडील बेस्टमध्ये कंडक्टर, आई महापालिकेच्या रुग्णालयात आया. दोघांची नोकरी ‘अत्यावश्यक’ आहे हे मार्च २०२० नंतर कळलं, तोवर ती नुसती पाळीची नोकरी होती. आईची सकाळपाळी, वडिलांची बहुतेक दुसरी. मधल्या वेळात मुलं शाळेत, आणि तासदीड तासाची फट पडायची ती शेजारच्या काकू भरून काढायच्या. मोठी तेव्हा सातवीत, १३ वर्षांची. धाकटा बालवाडीतून पहिलीत जाणार होता.

घर म्हणजे दहा बाय बाराची खोली, त्यातच मोरी, वर पोटमाळा. संडास चाळीच्या टोकाला. मोठी पाचवीत असताना मी एकदा त्या खोलीत गेले होते. छताचा पंखा फिरताना कटकट वाजत होता. मी वर बघितलं तशी आई हसून म्हणाली, “दुरुस्त नाही करत बाई. हा आवाज थांबला की धाकटा उठून बसतो.”

१६ मार्चला शहरांतल्या शाळा बंद झाल्या. दोनच दिवसांत शेजारच्या काकूंनी हात जोडले. “वहिनी, राग मानू नका, पण तुम्ही हॉस्पिटलात जाता. आमच्याकडे सासूबाई आहेत.” काकूंचं चुकलं असं मला आजही म्हणवत नाही. पण पाळीच्या नोकरीवर चालणारं घर असल्या फुकटच्या, न बोललेल्या मदतीवर उभं असतं. ती गेली आणि घर चालवायची रीतच उरली नाही.

पहिला निर्णय: शुक्रवारची रात्र

२० मार्चच्या संध्याकाळी वडिलांच्या चुलतभावाचा फोन आला. तो गाडी घेऊन गावी निघाला होता, मागे दोन जागा होत्या. “दहाला निघतोय. पोरांना पाठवायचं तर आत्ता सांग.” ठरवायला चार तास.

खोलीत अलग राहायला जागा नाही, आई रोज वॉर्डातून घरी येणार, दिवसाचे काही तास मुलं एकटी राहणार. गावी आजीआजोबा आहेत, अंगण आहे, मागे पोफळीची, म्हणजे सुपारीची, वाडी आहे. परीक्षेमुळे मुलांना शिमग्यालाही नेलं नव्हतं, आजी त्यावरून रुसलेलीच होती. सगळं ३१ मार्चपर्यंतच बंद असं सांगत होते, म्हणजे पंधरवड्याचा प्रश्न. आईने दोन-दोन कपडे पिशवीत भरले. मोठीने विचारलं, “पुस्तकं घेऊ?” आई म्हणाली, “कशाला? परीक्षेला येशीलच.” गाडीत बसताना एकच सांगणं, “धाकट्याकडे बघ हं.”

२२ तारखेला जनता कर्फ्यू लागला, त्याच रात्रीपासून लोकल थांबल्या, आणि २५ मार्चला, ऐन गुढीपाडव्याला, देश बंद झाला. पंधरा दिवसांच्या पिशवीवर मुलांनी १८ महिने काढले.

ह्या निर्णयाला मी चूक म्हणणार नाही. त्या रात्री हाताशी जेवढी माहिती होती तिच्यावर कुणीही हेच केलं असतं. फक्त एक राहिलं. मुदत टळल्यावर “आता काय?” हा प्रश्न पुन्हा कुणी टेबलावर घेतलाच नाही. १४ एप्रिल झालं, ३ मे झालं, मग १७ मे. दर वेळी सरकारने तारीख वाढवली की ह्यांच्या घरचीही आपोआप वाढली.

वादळ आणि वर्ग

३ जूनला निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धनजवळ किनाऱ्यावर आलं, ताशी ११० ते १२० किलोमीटर वेगाने. बातम्यांत रायगड दिसला, पण बाणकोटच्या खाडीअलीकडे मंडणगड-दापोलीलाही वाऱ्याने सोडलं नाही. ह्या घरावरची निम्मी कौलं गेली. पडवीचे पत्रे तिसऱ्या घराच्या वाडीत सापडले, फणस गोठ्यावर आडवा झाला, आणि चाळीसेक पोफळींतल्या नऊ उभ्या राहिल्या. आजीने दोन्ही मुलांना माजघरात चिऱ्याच्या भिंतीला टेकवून बसवलं होतं, वर गोधडी. धाकटा सांगतो की त्याने डोळे मिटले होते. मोठीने मिटले नव्हते.

वीज गेली, टॉवर पडले. सहा दिवस मुंबईत बसलेल्या आईवडिलांना आपली मुलं जिवंत आहेत की नाहीत हे ठाऊक नव्हतं. सातव्या दिवशी शेजारचा एक मुलगा झाडं तोडत-तोडत मोटारसायकल दापोलीपर्यंत घेऊन गेला. त्याच्या खिशात कागदावर वाडीतल्या सगळ्यांच्या मुंबईच्या माणसांचे नंबर होते, ते त्याने एकेक करून लावले.

१५ जूनला शाळेचं वर्ष सुरू झालं, कागदावर. योगायोग असा की मुंबईत अत्यावश्यक सेवेतल्या लोकांसाठी लोकलही त्याच दिवशी सुरू झाल्या आणि आईची बसमधली रखडपट्टी संपली. गावात मात्र अजून विजेचे खांब आडवे होते. मुंबईत आम्ही शिक्षक गूगल मीटवर वर्ग कसा घ्यायचा ते एकमेकांना शिकवत होतो. तिसरी ते आठवीच्या मुलांना दिवसाला ४५ मिनिटांची दोन सत्रं एवढंच बसवायचं, असं पुढे ठरलं. माझ्या वर्गात ५४ मुलं, पहिल्या आठवड्यात पडद्यावर १९ दिसली. मी एक तक्ता केला: हजर, गैरहजर. मोठीच्या नावापुढे ओळीने फुल्या.

आषाढ सरता सरता गावात वीज आली. त्याच सुमारास, २० जुलैला, सह्याद्री वाहिनीवर पहिली ते आठवीसाठी ‘टिलीमिली’ सुरू झाली. चांगली मालिका होती, पण घरावरची डिशची छत्री वादळात गेली होती. फोनवर बोलण्यापुरती रेंज विहिरीजवळ एक कांडी यायची. इंटरनेट हवं तर सड्यावर, म्हणजे वरच्या कातळपठारावर, चढायला लागायचं, पंचवीस मिनिटं, आणि पावसात जांभ्यावर शेवाळ.

लपवलेली गोष्ट

जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात वडील पॉझिटिव्ह आले. रुग्णवाहिका चाळीत आली, त्यांना विलगीकरण केंद्रात नेलं, आई खोलीत एकटी अडकली. लक्षणं फारशी नव्हती, दहा दिवसांनी ते घरी आले.

हा दुसरा निर्णय, आणि माझ्या मते प्रकरणाचा गाभा. मुलांना सांगायचं नाही, असं दोघांनी फोनवरच ठरवलं. “उगाच जिवाला घोर.” रोज रात्री आठचा फोन चालूच ठेवायचा, वडिलांनी केंद्रातून करायचा आणि म्हणायचं लांबची ड्युटी आहे. आजीआजोबांनाही कळू द्यायचं नाही. पण पैशांची सोय लागली तर म्हणून चुलतभावाला सांगितलं, त्याने गावच्या मुंबई मंडळाच्या ग्रुपवर “प्रार्थना करा” असं टाकलं. त्याचाही हेतू वाईट नव्हता.

चौथ्या दिवशी पिठाच्या गिरणीत एका बाईने मोठीला विचारलं, “काय गो, तुझ्या पप्पाला ॲम्ब्युलन्समधून नेला ना?”

ते दिवस लावणीचे होते. एकमेकांच्या शेतात जाऊन लावणी उरकायची ही गावची रीत. ती त्या वर्षी ह्या घरापुरती थांबली. मुलं मार्चपासून गावातच आहेत, त्यांना कुठून होणार, हे आजोबा सांगत फिरले. मुंबईचं नाव निघालं की लोक दोन पावलं मागे सरायचे. मग आजी, गुडघा धरून आजोबा आणि मोठी, तिघांनी आवण, म्हणजे भाताची रोपं, काढलं, चिखल केला, दोन तुकडे लावले. धाकटा बांधावर.

त्या दिवसापासून मोठी आईशी बोलेना. फोन आला की धाकट्याच्या हातात द्यायची आणि निघून जायची.

मला कळलं ते असं

आता माझ्या बाजूचं. २७ जुलैला मी वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर ‘सलग दहा दिवस गैरहजर’ अशी यादी टाकली. वरून मागणी होती, तक्ता भरायचा होता, आणि खरं सांगायचं तर मी वैतागलेही होते. यादीत तिचं नाव चौथं.

रात्री अकराला आईचा फोन. “बाई, तेवढं नाव काढा. ग्रुपवर माझी जाऊ आहे.” मी शिक्षकी सुरात काहीतरी बोलले, नियमितपणा वगैरे. त्यावर ती शांतपणे म्हणाली, “ती शेतात आहे बाई. अभ्यासाचं राहू द्या. ती माझ्याशी बोलत नाहीये.” मग सगळं सांगितलं. आधीच्या चार महिन्यांत मी त्या घरी एकही फोन केला नव्हता. लिंक पाठवली होती, रोज.

यादी मी त्याच रात्री काढली. दुसऱ्या दिवशी सकाळी फोन उघडला तर मोठीकडून गणिताच्या वहीचे चार फोटो. वेळ सव्वासहाची. पानावर पावसाचे थेंब, पान उडू नये म्हणून कोपऱ्यावर जांभ्याचा तुकडा ठेवलेला, कडेला तांबड्या मातीचं बोट उमटलेलं. मग जुने निरोप चाळले. असे फोटो आठवड्यातून दोनदा येत होते, नेहमी त्याच वेळेला. माझ्या तक्त्यात ‘मीटवर उपस्थिती’ असा रकाना होता, ‘सड्यावर चढून पाठवलेला गृहपाठ’ असा नव्हता.

आमच्याच शाळेच्या प्राथमिक विभागात धाकट्याचं नाव घातलं होतं. त्याच्या बाईंना विचारलं तर त्या खूश होत्या. “त्याचा तर सगळा अभ्यास येतो, अक्षर काय सुरेख!” त्यांनी पाठवलेली पानं बघितली. त्यातल्या ‘क’चा पोटातून वर गेलेला आकडा मी तीन वर्षं ओळखत होते. पहिलीचा अभ्यास मोठी लिहीत होती.

तेव्हा माझ्या डोक्यात चित्र फिरलं. आम्ही सगळे, म्हणजे शाळा, आईवडील, तो चुलता, हा रेंजचा आणि मोबाईलचा प्रश्न समजत होतो. इकडे १३ वर्षांच्या मुलीकडे भावाची देखभाल, त्याची शाळा, स्वतःची शाळा, आजोबांच्या रक्तदाबाच्या गोळ्या आणि लावणी एवढं सगळं बिनबोभाट सोपवलेलं होतं. कामाला ती मोठी होती. सांगायची वेळ आली की मात्र लहान.

कोणते पर्याय होते

२ ऑगस्टला रविवारी आम्ही कॉन्फरन्स कॉल लावला: आई, वडील, विहिरीजवळ उभी असलेली आजी, धाकट्याच्या बाई आणि मी. तीनदा फोन कटला. मोठीला बोलवा, असं मी सुचवलं नाही, हेही नोंदवून ठेवते.

मुलांना परत आणायचं, हा आईचा पहिला विचार. प्रवासाचा ई-पास मिळाला असता. पण चाळीतल्या दोन माळ्यांवर रुग्ण होते आणि दोघांच्या पाळ्यांत पाच-सहा तास मुलं बंद खोलीत एकटी राहिली असती, पुन्हा मोठीच्याच अंगावर. आईने बिनपगारी रजा घेऊन गावी जायचं, तर तेव्हा रुग्णालयात रजेचं नाव काढायची सोय नव्हती आणि घरावर कौलांच्या खर्चाचं कर्ज चढलेलं.

फक्त धाकट्याला मुंबईत आणायचं, असं वडिलांनी सुचवलं. मोठीचं ओझं तरी उतरेल. इथे आजी मध्येच बोलली, त्या सगळ्या फोनमध्ये ती एकदाच बोलली: “दोघांना तोडू नको. रात्री तो तिचा हात धरल्याशिवाय झोपत नाही.” तो विषय तिथेच मिटला.

चौथा पर्याय, गावच्या हायस्कुलात नाव घालायचं. शिक्षण हक्क कायद्याच्या पाचव्या कलमात स्पष्ट आहे की शाळा सोडल्याचा दाखला यायला उशीर झाला म्हणून प्रवेश नाकारता येत नाही. मला कलम पाठ होतं. तरी मी तो पर्याय जोर लावून मांडला नाही, कारण ३० सप्टेंबरच्या पटसंख्येवर संचमान्यता, म्हणजे शाळेला किती शिक्षक मंजूर हे, ठरते. त्या वर्षी आमच्या शाळेतली बरीच मुलं गावी गेली होती, आणखी पाच-सहा दाखले गेले असते तर एक शिक्षक अतिरिक्त ठरला असता. हे कुणी तोंडाने बोललं नाही. मीही “बघू, दिवाळीपर्यंत शाळा सुरू होतील” असं म्हणून वेळ मारून नेली. अनुदानित शाळेत काम केलेल्यांना हे वेगळं सांगायला नको.

उरलं ते हे: मुलं गावीच, नाव इथेच, आणि मोठीच्या डोक्यावरचं ओझं शक्य तेवढं कमी करायचं.

काय केलं

सगळ्यात आधी वडील गावी गेले. गणेश चतुर्थी २२ ऑगस्टला होती. चाकरमान्यांनी १२ ऑगस्टच्या आत पोहोचावं आणि दहा दिवस अलग राहावं, असा तेव्हाचा नियम होता. वडिलांनी आजारपणानंतरची रजा आणि साठलेली रजा जोडली आणि १० तारखेला एसटीने निघाले. आईला सुट्टी मिळाली नाही.

दहा दिवस ते नव्या पत्र्याखाली पडवीत राहिले. जेवणाचं ताट उंबऱ्यावर ठेवायचं आणि मागे सरायचं. मधलं दार उघडं, आत माजघरात मोठी भिंतीला पाठ लावून बसलेली. पहिले दोन दिवस ती बसायची, पण बोलायची नाही. तिसऱ्या रात्री वडिलांनी आपणहून सुरुवात केली, घसा दुखायला लागला तिथपासून. रुग्णवाहिकेत कोण होतं, खाट कितवी होती, शेजारचा माणूस एका सकाळी नव्हता, आपल्याला भीती वाटली तेव्हा काय केलं. तिने एकच विचारलं, “मग मला का नाही सांगितलं?” वडील मला म्हणाले, “बाई, मला उत्तर सुचेना. मी म्हटलं, चुकलं.”

आईचं अवघड होतं, तिला उंबरा नव्हता, फोनच होता. सप्टेंबरात मोठी फोनवर आली ती एक प्रश्न घेऊन: “तुला झाला तर सांगशील ना?” आईने हो म्हटलं. त्यावर मोठीने अट घातली. फोनमध्ये वाईट बातमी असेल तर ती आधी सांगायची आणि “काळजी करू नको” हे वाक्य बंद. ही अट मला कुठल्याही समुपदेशनापेक्षा नेमकी वाटली. आम्ही शिक्षकांनी १०९८ ही चाइल्डलाइन सगळ्या पालकांना कळवली होती, पण आपल्या मुलीने आपल्यावरच राग धरलाय म्हणून त्या नंबरला फोन करावा असं कुठल्या आईला वाटेल?

धाकट्याचा अभ्यास मोठीकडून काढला. त्याच्या बाई आठवड्यातून दोनदा थेट आजीला फोन करायच्या. आजी शाळेत गेलेली नाही, पण सुपारी मोजण्यात तिचा हात कुणी धरणार नाही. ती विसाविसाचे ढीग लावते: एक वीस, दोन विसा, तीन विसा. बाईंनी तेच धरलं. वहीत काही आलं नाही तरी चालेल, आजीबरोबर रोज एक पाटीभर सुपारी मोजायची. मुळाक्षरं मात्र मागे पडली आणि ती पडणार हे आम्हाला दिसत होतं.

माझ्याकडून तक्ता बदलला. रोजची हजेरी सोडली, आठवड्याचं काम रविवारी द्यायचं आणि पुढच्या रविवारपर्यंत कधीही यावं. धडा मी पाच मिनिटांत बोलून पाठवायला लागले, ते कमी रेंजमध्येही उतरून घेता येतं. सड्यावर एकटीने जायला आजोबांनी मना केलं होतं, ते बरोबरच होतं. मग शेजारच्या वाडीतली दहावीतली मुलगी आणि ही, दोघींनी मिळून बुधवार-रविवार जायचं ठरलं. एका मंडळाने ऑक्टोबरात टॅब दिला. तो मुंबईहून गावी पोहोचायला तीन आठवडे लागले. सड्यावर न्यायला तो जड आणि घरी रेंज नाही, त्यामुळे धाकटा त्यावर लुडो खेळला. देणाऱ्यांनी फोटो मागितला तेव्हा मोठीच्या हातात देऊन काढला.

२७ जानेवारी २०२१ पासून मुंबईबाहेर पाचवी ते आठवीचे वर्ग भरवायला परवानगी मिळाली. मुंबईतल्या शाळा बंदच होत्या. ऑगस्टात टाळलेला पर्याय आता दारात उभा होता. मी गावच्या हायस्कुलाच्या मुख्याध्यापकांना साधं पत्र लिहिलं की मुलीला नुसतं वर्गात बसू द्या, नाव इथेच राहील. ते फोनवर म्हणाले, “बसू दे की. बाक रिकामेच आहेत.” मोठी पहिल्या दिवशी आजोबांच्या छत्रीसकट गेली, पाऊस नसताना. दप्तर नव्हतं म्हणून वह्या त्याच मार्चच्या पिशवीत.

परिणाम

जेमतेम दोन महिने शाळा मिळाली. दुसरी लाट आली, ३ एप्रिलला पहिली ते आठवीची मुलं परीक्षेविना वर घालण्याचा निर्णय जाहीर झाला. पण त्या दोन महिन्यांत तिला चार मैत्रिणी मिळाल्या, आणि गिरणीतल्या त्या बाईची मुलगी त्यांतली एक.

एप्रिलमध्ये आई पॉझिटिव्ह आली. लशीचे डोस झाले होते, त्रास कमी झाला. तिने अहवाल हातात आल्यावर पहिला फोन मोठीला केला. आजीला कसं आणि किती सांगायचं हे मोठीने ठरवलं. रात्री जेवणं झाल्यावर, आजोबांची गोळी देऊन झाल्यावर सांगितलं. त्या दहा दिवसांत रोजचा ताप किती, हे मोठी एका वहीत लिहीत होती. ती वही मी पाहिली आहे.

२०२१ च्या गणपतीला आईवडील दोघे गावी गेले आणि सप्टेंबरअखेर चौघे मिळून परत आले. ४ ऑक्टोबरला आमच्या शाळेत आठवीपासून वरचे वर्ग भरले, मोठी नववीत येऊन बसली. उंची वाढलेली, आवाज खाली गेलेला, बीजगणितात मोठं भगदाड. मागचं राहिलेलं भरून काढायचा सेतू अभ्यासक्रम कागदावर पूर्ण झालेला होता. ते भगदाड बुजायला दहावीचा जानेवारी उजाडला. मार्च २०२३ ची परीक्षा ती पास झाली.

धाकट्याने वर्ग पहिल्यांदा पाहिला तो १५ डिसेंबर २०२१ ला, दुसरीत. तीन आठवड्यांत शाळा पुन्हा बंद झाल्या आणि २४ जानेवारीला उघडल्या. जोडाक्षरं येत नव्हती, पण दहा विसा म्हणजे किती हे तो बोटं न मोडता सांगायचा. घरी त्याला रात्री चाळीच्या टोकाला जायची भीती वाटायची आणि तेव्हा तो आईला उठवायचा नाही, ताईला उठवायचा. आई मला हे सांगताना रडली नाही. म्हणाली, “बरोबरच आहे ना बाई त्याचं.”

मोठी आणि आई बोलतात. भांडतातही, ते मला चांगलं लक्षण वाटतं. पण आई म्हणते की पोरगी काही विचारत नाही, कळवते.

पुन्हा वेळ आली तर

मार्चचा निर्णय मी तसाच ठेवीन, फक्त दर पंधरा दिवसांनी तो नव्याने घ्यायला लावीन आणि त्या बोलण्यात मुलीला बसवीन. दाखल्याचा विषय ऑगस्टातच काढीन, पटसंख्या गेली तर जाऊ दे. जानेवारीत एका फोनवर जे झालं त्यासाठी सहा महिने का घालवले, ह्याला माझ्याकडे उत्तर आहे, पण ते चांगलं नाही. मुख्याध्यापकांनी पत्राविनाही बसू दिलं असतं, असं त्यांनी मला नंतर सांगितलं. यादी तर टाकणारच नाही. आणि लिंक पाठवायच्या आधी फोन करीन, कारण सलग गैरहजर मुलाच्या घरी काय चाललंय हे विचारायला दोन मिनिटं पुरतात.

वडिलांचा आजार लपवण्याबद्दल माझं मत मी वर दिलंच आहे, पण तिथे माझी एक चूक मोठीनेच दुरुस्त केली. हा मजकूर तिला वाचायला दिला होता. तिने सगळा वाचला, जांभ्याच्या तुकड्यापाशी हसली, आणि गिरणीच्या परिच्छेदावर बोट ठेवलं.

“हे बरोबर नाही बाई. मला गिरणीत नाही कळलं. पहिल्याच रात्री कळलं होतं.”

“कसं?”

“पप्पा म्हणाले, आत्ताच जेवलो, घरीच आहे, उद्यापासून लांबची ड्युटी आहे. पण मागे पंखा वाजत नव्हता.”